कायदेशीर कोठडी, बेकायदा वागणूक : कैद्यांच्या हेबिअस कॉर्पस याचिकांची प्रस्तावना

हेबिअस कॉर्पसच्या रिटमध्ये न्यायालय कोठडीच्या धन्याला एकच गोष्ट विचारते : हा माणूस कोणत्या अधिकाराने डांबून ठेवला आहे? अधिकार दाखवता आला की प्रकरण संपते, दाखवता आला नाही तर माणूस सुटतो. इंग्लंडमध्ये १६७९ च्या कायद्याने या रिटला धार आली ती राजाच्या मर्जीने होणारी अटक रोखण्यासाठी. तुरुंगात जेवण कसे मिळते, कोठडीत उजेड येतो की नाही, पायात बेडी किती वजनाची आहे, या गोष्टी त्या प्रश्नात बसत नव्हत्या.

प्रस्तुत विषय मात्र याच गोष्टींचा आहे. माणसाला झालेली शिक्षा वैध आहे, किंवा न्यायदंडाधिकाऱ्याने दिलेली कोठडी नियमानुसार आहे, आणि सुटकेची मागणीही नाही. तक्रार आतल्या वागणुकीची आहे : मारहाण, एकांतकोठडी, दंडाबेडी, वकिलाला भेटू न देणे, मुलाकातीवर मनमानी बंधने, आजारात उपचार न मिळणे. अशा वेळी हेच रिट मागता येते का? म्हणजे ‘का डांबले’ या प्रश्नाला जोडून ‘कसे डांबले’ हा प्रश्नही न्यायालयाने विचारावा का? या उत्तरावर प्रत्येक देशात वेगळा कायदा उभा राहिला. भारताने दिलेले उत्तर सर्वांत उदार आहे. ते कागदावर जितके उदार आहे तितके बरॅकीत आहे काय, हा वेगळा मुद्दा असून तोही या अभ्यासात टाळता येत नाही.

तुरुंगाच्या दारावरची हेबिअस कॉर्पसची भारतातली एक सुरुवातीची मोठी झटापट महाराष्ट्राच्या भूमीवरच झाली. १८२८ मध्ये मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने दोन रिटे काढली. एक ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यावर होते, बापू गणेश नावाच्या कैद्याला हजर करण्यासाठी. दुसरे पुण्याच्या पांडुरंग रामचंद्र यांच्यावर होते. मोरो रघुनाथ हा त्यांच्या कुटुंबातला चौदा वर्षांचा मुलगा त्यांच्या ताब्यात होता. मुंबई बेटाबाहेर या न्यायालयाची सत्ता चालत नाही, असे म्हणून गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या सरकारने अंमलबजावणीला नकार दिला. त्या न्यायालयात तेव्हा एकटेच उरलेले न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट इतके चिडले की १८२९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी न्यायालयच बंद ठेवले. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने सरकारची बाजू उचलून धरली : देशी न्यायालयाच्या हुकमाने चालणाऱ्या तुरुंगाच्या अधिकाऱ्यावर हे रिट काढता येत नाही. ठाण्याच्या कैद्याला आत कसे ठेवले होते, हे कोणी पाहिलेच नाही. वाद अधिकारक्षेत्राचा झाला आणि तिथेच थांबला. कैद्यांच्या याचिकांचे असे अनेकदा होते.

पुढे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४९१ मध्ये या रिटसारखे आदेश देण्याची तरतूद आली आणि १९२३ च्या दुरुस्तीने तिचा विस्तार झाला. १९५० च्या संविधानाने अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयाला आणि अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयांना देहोपस्थितीसह, म्हणजे हेबिअस कॉर्पससह, पाच प्रकारची रिटे काढण्याचा अधिकार दिला. या अनुच्छेदांच्या शब्दरचनेत एक सोय आहे. ‘त्या स्वरूपाचे’ आदेश व निदेश देता येतात, त्यामुळे जुन्या इंग्रजी साच्यातच राहण्याचे बंधन न्यायालयावर नाही. कानू सन्याल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बंदिवानाला प्रत्यक्ष उभे करणे हे रिटचे अनिवार्य अंग नाही असे म्हटले, तेव्हा ही सैल वीण स्पष्ट झाली. देह समोर न आणताही देहाच्या स्थितीची चौकशी होऊ शकते.

तुरुंगातील वागणुकीवरचा पहिला ठळक निकाल एका मराठी पुस्तकामुळे मिळाला. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा कारागृहात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक आत बसून लिहिले. छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवण्याची त्यांची मागणी सरकारने नाकारली. स्थानबद्धांना कोणत्या सोयी द्यायच्या याची यादी नियमात आहे आणि पुस्तक बाहेर पाठवणे त्या यादीत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मानला नाही. राज्याचे अपील सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६५ मध्ये फेटाळले. न्या. सुब्बा राव यांनी यादीच उलटी वाचली. नियमांत सांगितली आहेत ती बंधने आहेत, मेहेरबानीने दिलेल्या सवलती नाहीत. जे बंधन नियमात नाही ते अधिकाऱ्याला घालता येत नाही. आणीबाणीचा राष्ट्रपतींचा आदेश तेव्हा लागू होता, तरीही नियमाबाहेरच्या बंधनाविरुद्ध न्यायालयाचे दार उघडे राहिले. नंतरच्या सगळ्या कैदी-याचिकांचे बीज या छोट्या प्रकरणात आहे, आणि ते असायला हवे तितके वाचले जात नाही.

१९७४ मध्ये विशाखापट्टणमच्या तुरुंगातील नक्षलवादी कैद्यांनी भिंतीवरच्या विजेच्या तारेविरुद्ध धाव घेतली. तार पळून जाणाऱ्यालाच लागेल आणि पळून जाण्याचा हक्क कोणालाच नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने मागणी मान्य केली नाही. मात्र त्याच निकालात न्या. य. वि. चंद्रचूड यांनी नोंदवले की दोषी ठरला म्हणून माणूस सगळ्या मूलभूत हक्कांना मुकत नाही. याचिका हरली, तत्त्व जिंकले. या क्षेत्रात हे वारंवार दिसते आणि याचिका करणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नसतो.

दोन वर्षांनी हे तत्त्वही उडून गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी एडीएम जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की आणीबाणीत स्थानबद्धाला हेबिअस कॉर्पस मागताच येत नाही. नऊ उच्च न्यायालयांचे मत उलटे होते, ते बाजूला पडले. एकटे न्या. ह. रा. खन्ना विरोधात उभे राहिले. या निकालाची चर्चा बहुधा अटकेच्या वैधतेभोवती होते. त्यात तुरुंगातील स्थितीचाही उल्लेख आहे, हे मात्र विसरले जाते. बहुमतातील न्या. बेग यांनी स्थानबद्धांना मिळणारी काळजी जवळजवळ मातेसारखी असल्याचे लिहून ठेवले. पुरावा न घेता, आत न डोकावता केलेले हे विधान भारतीय न्यायालयीन वाङ्मयात लाजिरवाणे ठरले आहे. स्थानबद्धांच्या सोयींबाबत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला आदेशही १९७७ मध्ये भानुदास गावडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित होणार नाहीत असे ठरले. जबलपूरचा निकाल औपचारिकपणे मोडीत निघायला मात्र खासगीपणाच्या हक्कावरचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल यावा लागला.

आणीबाणीत देशातले कितीतरी राजकारणी, पत्रकार आणि वकील तुरुंग आतून पाहून आले होते. सामान्य कैद्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची तयारी त्यानंतरच दिसू लागली, हा योगायोग मानणे कठीण आहे. ३० ऑगस्ट १९७८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सुनील बात्रा प्रकरणाचा पहिला निकाल दिला. फाशीची शिक्षा झालेल्या बात्राला तिहार तुरुंगात एकटे ठेवले होते. त्याच निकालात चार्ल्स शोभराजच्या पायातील दंडाबेडीचा प्रश्न होता. तुरुंग प्रशासन १८९४ च्या तुरुंग अधिनियमातील कलम ३० आणि ५६ कडे बोट दाखवत होते. न्यायालयाने दोन्ही कलमे कायम ठेवली, पण त्यांचा अर्थ आवळला. एकांतवास ही स्वतंत्र शिक्षा आहे आणि ती देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. तेव्हाच्या दंड संहितेप्रमाणे तिला एकूण तीन महिन्यांची आणि एका वेळी चौदा दिवसांची मर्यादा होती. तुरुंगाधिकाऱ्याला सुरक्षेचे नाव देऊन ती लादता येत नाही. शिवाय अपील आणि दयेचा अर्ज संपेपर्यंत माणूस कलम ३० च्या अर्थाने ‘फाशीचा कैदी’ होत नाही. या प्रकरणात न्यायमूर्तींनी तिहारला जाऊन कोठड्या पाहिल्या. शपथपत्रांच्या ढिगापेक्षा ती भेट अधिक उपयोगी पडली असावी.

दुसरा बात्रा निकाल हा या विषयाचा कणा आहे. बात्रानेच तुरुंगातून एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. त्यात स्वतःची तक्रार नव्हती. दुसऱ्या एका कैद्याकडून पैसे उकळण्यासाठी वॉर्डरने त्याच्यावर अमानुष अत्याचार केल्याची हकीकत होती. न्यायालयाने या पत्रालाच हेबिअस कॉर्पसची याचिका मानले. डॉ. य. शं. चितळे आणि मुकुल मुद्गल यांना न्यायमित्र नेमले, त्यांनी तुरुंगात जाऊन साक्षीदारांशी बोलून अहवाल दिला. २० डिसेंबर १९७९ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की कोठडी वैध असली तरी तिच्या आत होणाऱ्या छळाविरुद्ध हे रिट चालते. शिक्षेने माणसाचे जेवढे स्वातंत्र्य गेले तेवढेच गेले. उरलेला तुकडा अजून त्याचा आहे, आणि तो कोणी हिरावला तर ती नवी, बेकायदा कैदच आहे. जिल्हादंडाधिकारी व सत्र न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात, त्यांच्या देखरेखीखाली तक्रारपेट्या ठेवाव्यात आणि वेळोवेळी उघडाव्यात, वकिलांना कैद्यांशी गोपनीयपणे बोलता यावे, एकांतकोठडीसारखी कठोर कारवाई सत्र न्यायाधीशांच्या संमतीशिवाय होऊ नये, हक्क सांगणारी पुस्तिका कैद्यांच्या हाती द्यावी, असे निदेश या निकालात आहेत.

कृष्ण अय्यर यांनी आधार घेतला तो अमेरिकन निकालांचा. तिथली गोष्ट मात्र वेगळ्या दिशेने चालली होती. १९४४ मध्ये कॉफिन विरुद्ध रायकार्ड या निकालात संघराज्याच्या एका अपील न्यायालयाने म्हटले होते की कायद्याने स्पष्टपणे किंवा ओघाने काढून घेतलेले सोडून बाकी सर्व हक्क कैद्याकडे राहतात आणि त्यांच्यासाठी हेबिअस कॉर्पस मागता येते. पण १९६४ च्या कूपर विरुद्ध पेट निकालानंतर अमेरिकन कैदी तुरुंगातील स्थितीबद्दल नागरी हक्क कायद्याच्या कलम १९८३ खाली दावे लावू लागले. १९७३ च्या प्रायझर विरुद्ध रॉड्रिग्ज निकालाने वाटणी केली : कैदेचा काळ किंवा तिची वैधता यावर वाद असेल तर हेबिअस कॉर्पस, आतल्या स्थितीवर असेल तर दिवाणी दावा. स्थितीसाठी हेबिअस अजिबात चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे म्हटले नाही, म्हणून अपील न्यायालयांत आजही मतभेद आहेत. कोविडच्या साथीत ते पुन्हा उफाळले. कोठडीत राहणेच जीवघेणे असेल तर मागणी स्थितीची की सुटकेची? १९९६ च्या तुरुंग-दावे सुधारणा कायद्याने दिवाणी दाव्यांवर फी आणि आधी तुरुंगाची अंतर्गत तक्रारव्यवस्था वापरून संपवण्याची सक्ती घातली, त्यामुळे कोणते दार ठोठावायचे हा केवळ तांत्रिक प्रश्न राहिला नाही. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९१ मध्ये हेग प्रकरणात सांगितले की वैध कैदेत असलेल्याकडे तुरुंगाधिकाऱ्याविरुद्ध वापरता येईल असे ‘उरलेले स्वातंत्र्य’ नसते. त्याने न्यायालयीन पुनर्विलोकन किंवा निष्काळजीपणाचा दावा पाहावा. दिल्लीत जे तत्त्व मान्य झाले, तेच बारा वर्षांनी लंडनमध्ये नाकारले गेले.

भारतात या तत्त्वाचा विस्तार पत्रे आणि तारांतून झाला. प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात एका कच्च्या कैद्याने बेड्या घातल्या जात असल्याची तार पाठवली आणि १९८० मध्ये सरसकट हातकडी घटनाबाह्य ठरली. १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलिन प्रकरणात स्थानबद्धतेला आव्हान देणारी आधीची याचिका फेटाळली गेली होती. उरला तो मुलाकातीचा प्रश्न. पाच वर्षांच्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटण्याची आणि वकिलाच्या भेटीत सीमाशुल्क अधिकारी बसवण्याची अट न्या. भगवती यांनी रद्द केली. सन्मानाने जगण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो, हे आज सतत उद्धृत होणारे तत्त्व मुलाकातीच्या एका नियमावरून आले. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलून पत्र लिहिले. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे स्त्री पोलीस आणि सत्र न्यायाधीशांची अचानक भेट हे निदेश त्या पत्रातून आले. त्याच वर्षी रुदुल साह प्रकरणात हेबिअस कॉर्पसच्या याचिकेतच नुकसानभरपाई मिळाली. निर्दोष सुटूनही चौदा वर्षे आत राहिलेल्या माणसाला पस्तीस हजार रुपये, ही रक्कम तेव्हाही थोडीच होती.

या याचिकांची चाल समजून घेण्यासारखी आहे. कैदी स्वतः, नातेवाईक किंवा कोणीही त्रयस्थ अर्ज करू शकतो. तुरुंगातून अधीक्षकांमार्फत येणारा अर्ज ‘जेल याचिका’ म्हणून नोंदला जातो. कोठडीतील प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. हेबिअस कॉर्पस म्हणून नोंद झाली की सुनावणीला प्राधान्य मिळते, आणि एकदा फेटाळल्यावर नव्या कारणाने पुन्हा येण्यास मज्जाव नसतो. उच्च न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमतीने सर्वोच्च न्यायालयात जाता येते. मात्र सक्षम न्यायालयाच्या रिमांडवर असलेल्याची सुटका या रिटने मागता येत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध तस्नीम रिझवान सिद्दीकी या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश बदलताना सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितले. म्हणून सुटकेची याचिका आणि वागणुकीची याचिका यांची सरमिसळ झाली की चांगली तक्रारही पहिल्याच सुनावणीत गळते.

अडचण कायद्यापेक्षा पुराव्यात जास्त आहे. साक्षीदार कैदीच असतात आणि साक्ष दिल्यावर त्यांना त्याच बरॅकीत परत जायचे असते. जखमांची नोंद तुरुंगाच्या डॉक्टरकडे, हजेरी आणि शिक्षेची वही अधीक्षकाकडे. अर्ज ज्याच्या विरुद्ध, बहुतेक वेळा त्याच्याच सहीने बाहेर पडतो. बदली हे आणखी एक हत्यार आहे : तक्रारदार दुसऱ्या तुरुंगात गेला की ‘आता कारण उरले नाही’ असे शपथपत्र येते. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात जून २००८ मध्ये लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील कच्च्या कैद्यांवर बळाचा वापर झाला आणि त्यांना इतर तुरुंगांत हलवण्यात आले. त्यावरून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले की कच्च्या कैद्याची बदली न्यायालयाच्या परवानगीशिवाय होत नाही आणि ही परवानगी बाजू ऐकून, विचार करून द्यायची असते. बात्रा निकालाच्या तेहतीस वर्षांनंतरही ही गोष्ट सांगावी लागली.

एकेका कैद्याची याचिका एकेका बेडीचा निकाल लावते, गर्दीचा निकाल लावू शकत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील १,३३० तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. झोपायला जागा नाही ही तक्रार प्रत्येकाचीच असताना एकाच्या रिटवर काय आदेश द्यायचा? म्हणून न्यायालय व्यापक चौकशीकडे वळले. माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांच्या २०१३ च्या पत्रावरून १,३८२ तुरुंगांतील अमानुष स्थितीचे प्रकरण सुरू झाले, आणि २०१८ मध्ये न्या. अमिताव रॉय यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तुरुंग हा राज्यसूचीतील विषय असल्याने एकच आदेश प्रत्येक राज्याच्या वेगळ्या नियमावलीवर आदळतो, आणि मध्ये खर्चाचा प्रश्न येतो. तरी समित्यांचे अहवाल एकट्या कैद्याच्या पत्राची जागा घेऊ शकलेले नाहीत. त्या पत्रात एक नाव, एक तारीख आणि एक जखम असते. उत्तर देणाऱ्याला ‘सर्वसाधारण स्थिती’च्या आड लपता येत नाही.

अलीकडचा मोठा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ चा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या अनुच्छेद ३२ खालील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामे वाटणाऱ्या, सफाई एका जातीला आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीला देणाऱ्या तसेच विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार ठरवणाऱ्या नियमावल्यांतील तरतुदी रद्द केल्या, राज्यांना बदलासाठी तीन महिने दिले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितले. ही हेबिअस कॉर्पसची याचिका नव्हती, पण तिची वंशावळ बात्राच्या पत्रापर्यंत जाते. तिने एक गोष्ट उघड केली : इतकी वर्षे गाजलेल्या निकालांच्या सावलीत हे नियम राज्यांच्या पुस्तकांत छापील स्वरूपात सुखाने नांदत होते. या विषयाच्या अभ्यासकाने न्यायनिर्णयांचे खंड उघडण्याआधी आपल्या राज्याची कारागृह नियमावली मिळवून पहिल्या पानापासून वाचावी.